मोहेंजोदडोची गावपळण

आजचा भाग सुरू होतो आचऱ्यातल्या आमच्या घराच्या पडवीत.

पावसाचे दिवस, लाइट गेलेली. मी आठ वर्षांच्या भाचीला प्राचीन संस्कृतींचं चित्रांचं पुस्तक दाखवत होतो. मोहेंजोदडोचं पान आलं. सरळ रस्ते, भाजक्या विटांची घरं, झाकलेली गटारं, मोठं स्नानकुंड. शेजारच्या पानावर तेच शहर, पण ओसाड. ती थांबली. "मामा, हेंची पण गावपळण झाली काय?"

बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी सांगतो. आचऱ्यात दर काही वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन अख्खा गाव वेशीबाहेर राहायला जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळे. तीन दिवस, तीन रात्री. मग पुन्हा कौल मिळाला की परत.

"मगे ते परत कित्याक नाय इले?"

खरं सांगतो, मी गप्प झालो. पुस्तकात एवढंच होतं की ही संस्कृती नष्ट झाली. शाळेत मीही तेवढंच पाठ केलेलं. नंतर वाचलं तेव्हा कळलं, इ.स.पू. १९०० च्या सुमारास ही शहरं ओस पडत गेली, पण एका रात्रीत नाही. पाऊस घटला, नद्या बदलल्या, दूरचा व्यापार आटला, अशी कारणं अभ्यासक देतात. पिढ्यान् पिढ्या लोक पूर्वेकडे आणि गुजरातेत लहान वस्त्यांत पांगले. म्हणजे शहरं संपली, माणसं नाही. हे मला एका पोरीच्या प्रश्नामुळे शोधावं लागलं.

आणि गंमत बघा. जगालासुद्धा या संस्कृतीची ओळख चित्रांतूनच झाली. २० सप्टेंबर १९२४ ला जॉन मार्शल यांनी लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात हडप्पा-मोहेंजोदडोचे फोटो छापले. पुढच्याच अंकात ए. एच. सेस या अभ्यासकाचं पत्र आलं: हे शिक्के इराणमधल्या सुसा इथे सापडलेल्या वस्तूंसारखे दिसतात! त्या धाग्यावरून या शहरांचं वय साडेचार हजार वर्षांच्या आसपास गेलं. कुणीतरी चित्र नीट बघितलं, म्हणून.

म्हणून पोरांना पुस्तक दाखवताना मजकूर लगेच वाचू नका. आधी बघू द्या, विचारू द्या. उत्तर येत नसेल तर "शोधूया" म्हणा.

पाऊस उघडल्यावर आम्ही कुडोपीला गेलो. आपल्याच मालवण तालुक्यात. सड्यावर जांभ्या दगडात कोरलेल्या आकृत्या, हजारो वर्षांपूर्वीच्या. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यात कुडोपी आहे. इथे मजकूरच नाही, नुसती चित्रं. भाचीने वही काढली आणि बसून एक आकृती उतरवली.

पण याच जांभ्याचे चिरे घरांसाठी काढतात. चिरेखाण किंवा रस्ता सड्यावर आला की असं चित्र कायमचं जातं. त्याला 'रिकामा कातळ' समजणारा माणूस ते वाचवणार नाही. लहानपणी तिथे बसून वहीत उतरवलेला कदाचित वाचवेल.

तुम्ही गेलात तर चपला काढून, कडेकडेने फिरा. फोटोसाठी रेषांत खडू भरू नका. आणि सोबत एखादं पोर न्या.

भेटू पुढच्या भागात!