डॉब्सोनियन: मठात घडलेली दुर्बीण

घराच्या गच्चीवरून शनीची कडी पाहणाऱ्या हौशी माणसावर एका संन्याशाचे ऋण आहे. जॉन डॉब्सन १९१५ साली बीजिंगमध्ये जन्मले, बर्कलीला रसायनशास्त्र शिकले आणि १९४४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात दाखल झाले. विश्व सर्वांनी डोळ्यांनी पाहावे हा त्यांचा ध्यास. पण हाती पैसा नाही. मग जहाजांच्या गोल खिडक्यांच्या जाड काचा मिळवून त्यांनी दुर्बिणीचे आरसे घासले. दोन काचांमध्ये कार्बोरंडम या कठीण पदार्थाची पूड आणि पाणी घालून घासत राहिले की वरची काच खोलगट होत जाते. ही कृती हौशी मंडळींना आधीपासून ठाऊक होती.

डॉब्सन यांची खरी देणगी म्हणजे दुर्बिणीची बैठक. तोवर पृथ्वीच्या अक्षाशी जुळवलेली बैठक प्रतिष्ठेची मानली जाई. मोठ्या आरशासाठी ती जड आणि महाग पडे. त्यांनी तोफेच्या गाड्यासारखा प्लायवूडचा साधा खोका केला: दुर्बीण वर-खाली होते, खोका डावी-उजवीकडे फिरतो. टेकूंना टेफ्लॉनचे तुकडे लावले, म्हणून हलके ढकलले की ती सरकते आणि सोडली की तिथेच थांबते. नळी घेतली काँक्रीटचे खांब ओतण्यासाठी मिळणाऱ्या पुठ्ठ्याची.

या दुर्बिणींच्या नादात मठाबाहेर जाणे वाढले आणि १९६७ मध्ये त्यांना मठ सोडावा लागला. पुढच्याच वर्षी ‘साइडवॉक अ‍ॅस्ट्रॉनॉमर्स’ हा गट उभा राहिला. फुटपाथवर दुर्बीण मांडायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र दाखवायचा, हे त्यांचे काम. ‘डॉब्सोनियन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आपल्या दुर्बिणीच्या रचनेचे पेटंट डॉब्सन यांनी घेतले नाही. त्यामुळे १९८० च्या सुमारास कंपन्यांनी ती विकायला घेतली, तसेच कुणालाही ती घरी करता आली. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेतील कार्यशाळांमध्येही शिक्षक-विद्यार्थ्यांनी स्वतः आरसे घासून दुर्बिणी केल्या आहेत.

दुर्बीण विकत घेताना वेष्टनावर छापलेल्या ‘इतके पट मोठे दिसेल’ या आकड्याला भुलू नका. आरशाचा व्यास विचारा. व्यास दुप्पट झाला की प्रकाश चौपट मिळतो. आणि दुर्बीण आणलीत की ती एकट्याने वापरू नका, शेजाऱ्यांनाही बोलवा. डॉब्सन यांनी ती त्यासाठीच घडवली होती.