तलवारी, भाले आणि रणगाडे

आजचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. १९४८ साली हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या वर्षी संस्थानाच्या कारभाऱ्यांनी समोरच्या लष्करी ताकदीचा जो अंदाज बांधला, त्याची किंमत मराठवाड्यातल्या गोरगरीब मुसलमानांनी मोजली. म्हणून हा हिशेब आपणच नीट मांडायला हवा.

खरे तर आधुनिक युद्धतंत्र हिंगोलीला अपरिचित नव्हते. एकोणिसाव्या शतकात इथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. खर्च निजामाचा, अधिकारी आणि हुकूम इंग्रजांचा! याच फौजेच्या थकबाकीपोटी १८५३ मध्ये वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि १९०३ मध्ये ती फौजही ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाली. कवायती फौज पिढ्यान्‌पिढ्या दाराशी होती, पण तिचे शास्त्र दरबाराने कधी आपलेसे केले नाही.

१९४८ मध्ये जनरल अल-इद्रूस यांच्या हाताखाली संस्थानाचे नियमित सैन्य होते, पण हवाई दल नव्हते. सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री विमानाने चोरून शस्त्रे आणत होता. त्याच्यावर मोठी भिस्त होती. गावोगावच्या रझाकारांकडे तलवारी, भाले आणि ठासणीच्या बंदुका होत्या. तरीही लातूरचे वकील कासिम रझवी लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा फडकवण्याची भाषा करत होते.

१३ सप्टेंबरला पहाटे भारतीय सैन्य सोलापूरकडून रणगाडे घेऊन आत शिरले. दुसऱ्या महायुद्धात जगाच्या अनेक आघाड्यांवर लढलेले हे सैन्य होते. पहिल्याच दिवशी नळदुर्ग पडले. १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. पाच दिवसांत सारे संपले.

ही ताकद कुणाला ठाऊक नव्हती का? ठाऊक होती, पण ती बोलून दाखवणे म्हणजे गद्दारी ठरत होती. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान भारतात विलीन व्हावे असे लिहीत होते. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला. शहाणपण सांगणारा मुसलमानच होता आणि त्याला आपल्यातल्याच लोकांनी गप्प केले, हे विसरता कामा नये.

असे आधीही घडले होते. इजिप्तचे ममलूक नामांकित घोडेस्वार होते. बंदूक हे मर्दाचे हत्यार नव्हे, असे त्यांच्यातले अनेक जण मानत. १५१६ मध्ये मर्ज दाबिक इथे उस्मानी तोफा-बंदुकांपुढे त्यांचा पराभव झाला आणि पुढच्याच वर्षी राज्य गेले.

रझाकारांनी हिंदू गावकऱ्यांवर अत्याचार केले, हे निर्विवाद आहे. नंतर त्याचा सूड मात्र ज्यांनी कधी भाला हातात धरला नव्हता, अशांवरही उगवला गेला. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा आकडा २७ ते ४० हजार असा अंदाजला. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत शेजारचे नांदेडही होते. रझवी शिक्षा भोगून १९५७ मध्ये पाकिस्तानात गेले. इथल्या शेतमजुराला, विणकराला जायला जागा नव्हती.

आज टीव्हीवर, मोबाइलवर शेजारच्या देशाची क्षेपणास्त्रे म्हणजे फटाके, असे सांगणारे सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत. त्यांना टाळ्या मिळतात. समोरच्याकडे काय आहे, हे मोजून सांगणाऱ्याला मात्र देशद्रोही म्हटले जाते. हिंगोलीत दर १७ सप्टेंबरला मुक्तिदिनाचा झेंडा फडकतो. त्या दिवशी हैदराबादच्या पाच दिवसांबरोबर शोएबुल्ला खान यांचीही आठवण आपल्या मुलांना सांगितली पाहिजे.