काल काय केलंस?

मैत्रिणींनो, २००० सालापर्यंत आपल्या मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून असे. चौथीनंतर जिची शाळा सुटली, तिची इंग्रजीशी गाठच पडली नाही. त्या वर्षापासून ती पहिलीलाच आली. आता पालघर-बोईसरकडचं पोर विचारतं, ‘गो’चं ‘वेंट’ कसं झालं? आणि आई गप्प बसते.

गप्प कशाला? मराठीत मुलगा गेला, मुलगी गेली. आंबा खाल्ला, भाकरी खाल्ली. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘वेंट’, एकच ‘एट’. अवघड तर आपलंच आहे! फक्त प्रश्नात ‘डिड’ आलं की ‘वेंट’चं पुन्हा ‘गो’ होतं: ‘डिड यू गो?’ पोरं अडतात ती इथंच.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर नेलं. गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. भोवतालची पानं, बिया, दगड हेच शिकवायचं साहित्य.

भूतकाळालाही साहित्य लागतं, ते घरात आहे. भाकऱ्या थापताना विचारा, काल कुठे गेलास, काय खाल्लंस? उत्तर आधी मराठीत, वारलीत येऊ दे. मग त्यालाच म्हणू दे, ‘यस्टर्डे आय एट फिश.’