शेजारचा अदृश्य तारा

दिल्लीच्या संसद मार्गावरील जंतरमंतर पाहावयास गेलेला मनुष्य प्रथम थबकतो तो सम्राट यंत्रापाशी. सुमारे ७० फूट उंचीचा हा दगडचुन्याचा शंकू सवाई जयसिंहाने १७२४ च्या सुमारास, महंमदशहा बादशहाच्या कारकिर्दीत उभारला. पितळेची लहान यंत्रे झिजतात, त्यांचे आस ढळतात. यास्तव वेधांच्या अचूकतेसाठी त्याने प्रचंड व अढळ यंत्रांचा मार्ग पत्करला. या उद्योगावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : युरोपात दुर्बीण रूढ होऊन शतक उलटले असता या राजाने दगड का रचावे? हा आक्षेप एका ताऱ्याच्या कसोटीवर घासून पाहण्याजोगा आहे.

वैशाख-ज्येष्ठाच्या रात्री महाराष्ट्रातून दक्षिण क्षितिजालगत नरतुरंगातील मित्र आणि मित्रक ही तेजस्वी जोडी दिसते. मित्रापासून सुमारे २ अंशांवर प्रॉक्सिमा नावाचा तारा आहे. सूर्य वगळता आपणांस सर्वांत जवळचा तारा तोच. अंतर सव्वाचार प्रकाशवर्षे. परंतु तो तांबडा बटुतारा होय. त्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे एक अष्टमांश आणि तेज इतके क्षीण, की नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्याहूनही तो शंभरपट मंद आहे. दिल्लीच्या क्षितिजावर तर तो कधी येतच नाही.

मग दुर्बीण असती तर? ती हिंदुस्थानात होतीच. १६८९ मध्ये पाँडिचेरी येथे रिशो नावाचा फ्रेंच जेझुइट पाद्री धूमकेतू पाहत असता, मित्र हा एक नसून दोन तारे आहेत, हे त्याच्या ध्यानी आले. पण जवळच असलेले त्यांचे तिसरे भावंड त्यास उमगले नाही. जयसिंहही दुर्बिणीस अपरिचित नव्हता. गुरूच्या चार चंद्रांचा उल्लेख त्याच्या ग्रंथात आहे. तेव्हा केवळ दुर्बीण हे उत्तर नव्हे.

तारा सापडला १९१५ मध्ये, जोहान्सबर्गच्या युनियन वेधशाळेत. रॉबर्ट इन्स याने पाच वर्षांच्या अंतराने घेतलेल्या छायाचित्रांच्या काचा एकमेकींशी ताडून पाहिल्या. असंख्य ठिपके जागच्या जागी होते. एक मात्र सरकला होता, आणि तोही मित्राच्याच दिशेने व गतीने. १९१७ मध्ये इन्सने त्यास ‘सर्वांत निकटचा’ या अर्थाचे नाव सुचविले. त्याची मापने इतक्या ठाम विधानास पुरेशी नव्हती. पुढील वेधांनी मात्र ते खरे ठरविले.

आता जयसिंहाकडे परत वळू. ‘झीज-इ-मुहम्मदशाही’ या त्याच्या ग्रंथातील ताऱ्यांची यादी मुख्यत्वे समरकंदच्या उलुगबेगाची, १४३७ सालची आहे. मधल्या काळातील अयनचलन म्हणून प्रत्येक ताऱ्याच्या भोगांशात सारखेच ४ अंश ८ कला मिळविलेले आहेत. या सरसकट बेरजेच्या मुळाशी एक जुनी श्रद्धा आहे : तारे परस्परांपासून हलत नाहीत. जंतरमंतर उभे राहण्यापूर्वी सहा वर्षे, १७१८ मध्ये, इंग्लंडात एडमंड हॅलेने व्याध, स्वाती व रोहिणी यांची स्थाने ग्रीकांच्या नोंदींशी ताडून ही श्रद्धा मोडली होती. त्या कामी त्यास दुर्बिणीपेक्षा जुन्या नोंदींविषयीची शंकाच अधिक उपयोगी पडली.

म्हणून जयसिंहाने दगड रचले, हा त्याचा दोष मानणे मला न्याय्य वाटत नाही. चंद्राच्या बाबतीत त्याने युरोपातून आलेल्या ला हीरच्या कोष्टकांतील चूक दाखवून दिली होती. हीच चिकित्सक दृष्टी ताऱ्यांच्या वारशाकडे मात्र वळली नाही. आकाशगंगेतील सुमारे तीन चतुर्थांश तारे तांबडे बटुतारे आहेत, आणि त्यांतील एकही साध्या डोळ्यांनी दिसत नाही, हे आज आपण जाणतो. २०१६ मध्ये तर प्रॉक्सिमाभोवती सुमारे सव्वाअकरा दिवसांत फिरणारा एक ग्रहही सापडला. या ज्ञानाची सुरुवात, सर्वांस सारखी बेरीज न करता एकेका ठिपक्याची स्वतंत्र चौकशी करण्यातून झाली. सम्राट यंत्राच्या पायऱ्यांकडे पाहताना माझ्या मनात त्या राजाविषयी आदरच दाटतो. मात्र त्या आदराबरोबर ही आठवणही ठेवणे इष्ट.