कोळशाच्या शहरातली ५१ हजार बुद्धमूर्ती: चीनमधलं दातोंग नेमकं आहे तरी काय?

ऑगस्ट २०२४ मध्ये 'ब्लॅक मिथ: वूकोंग' हा चिनी व्हिडिओ गेम आला आणि काही दिवसांतच जगभर गाजला. गेममधली जुनी मंदिरं, लाकडी मनोरे, डोंगरात कोरलेले बुद्ध पाहून अनेकांना प्रश्न पडला, हे सगळं खरंच कुठे आहे का?

उत्तर होतं, हो. गेमसाठी चीनमधली ३६ खरी ठिकाणं वापरली होती आणि त्यातली तब्बल २७ एकट्या शांशी प्रांतातली होती. या प्रांताच्या उत्तर टोकाला दातोंग नावाचं शहर आहे. चीनमध्ये त्याची जुनी ओळख मात्र वेगळीच आहे. ते 'कोळशाची राजधानी' म्हणून ओळखलं जातं.

एका बाजूला कोळशाच्या खाणी, दुसऱ्या बाजूला दीड हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी. हे दोन्ही एकाच ठिकाणी कसं आलं? कोळशाच्या धुळीने लेण्यांचं काय झालं? आणि तिथे जायचं असेल तर काय पाहायचं? समजून घेऊया.

दातोंग कशासाठी प्रसिद्ध आहे?

दातोंगच्या आजूबाजूच्या जमिनीखाली कोळशाचे प्रचंड साठे आहेत. विसाव्या शतकात इथल्या खाणींनी चीनच्या वीज केंद्रांना आणि कारखान्यांना कोळसा पुरवला. हा कोळसा समुद्रापर्यंत नेण्यासाठी दातोंग ते छिनह्वांगदाओ अशी ६५३ किलोमीटरची खास रेल्वे बांधली गेली. जगातल्या सर्वात मोठ्या कोळसावाहू रेल्वेमार्गांमध्ये तिची गणना होते.

शहरात रेल्वे इंजिनांचा मोठा कारखानाही आहे. जगात बहुतेक ठिकाणी वाफेची इंजिनं इतिहासजमा झाली होती, तेव्हाही इथे ती बनत होती. मुख्य मार्गावरच्या मोठ्या वाफेच्या इंजिनांचं उत्पादन इथे थेट १९८८ पर्यंत चाललं.

पण कोळशाच्या कितीतरी आधी हे शहर राजधानी होतं. इ.स. ३९८ ते ४९४ या काळात उत्तर वेई राजघराण्याने इथून उत्तर चीनवर राज्य केलं. तेव्हा शहराचं नाव होतं फिंगचंग.

लेणी कोरायचं कारण काय?

उत्तर वेई राजे मूळचे हान चिनी नव्हते. ते उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशातल्या थोपा या भटक्या टोळीचे होते. परक्या प्रजेवर राज्य करताना त्यांना बाहेरून आलेला बौद्ध धर्म जवळचा वाटला. भिक्षूंनाही राजाश्रय हवा होता. फाग्वो नावाच्या एका प्रमुख भिक्षूने तर सम्राट हाच आजचा तथागत आहे, अशी भूमिका घेतली होती. म्हणजे राजाला नमस्कार केला की तो बुद्धालाच केल्यासारखा.

हे नातं मध्येच तुटलं. इ.स. ४४६ मध्ये सम्राट थायवू याने बौद्ध धर्मावर बंदी घातली. विहार पाडले गेले, मूर्ती फोडल्या, ग्रंथ जाळले. थायवूचा मृत्यू झाला आणि ४५२ मध्ये त्याचा नातू वेनचंग गादीवर आला. त्याने बंदी उठवली.

त्याच वर्षी सम्राटासारखी दिसणारी एक दगडी मूर्ती घडवण्यात आली. 'वेई शू' या तत्कालीन राजघराण्याच्या इतिहासात एक गंमतशीर नोंद आहे. मूर्ती पूर्ण झाल्यावर तिच्या चेहऱ्यावर आणि पायांवर काळे ठिपके दिसले आणि सम्राटाच्या अंगावरचे तीळही नेमके तिथेच होते, असं त्यात म्हटलं आहे.

त्यानंतर इ.स. ४६० च्या सुमारास थानयाओ या भिक्षूने सम्राटाकडे एक मागणी केली. शहराच्या पश्चिमेकडच्या डोंगरात पाच लेणी कोरायची आणि प्रत्येकात एक महाकाय बुद्ध घडवायचा. विहार पाडता येतो, ग्रंथ जाळता येतो, पण अख्खा डोंगर कसा नष्ट करणार? चौदा वर्षांपूर्वीच्या बंदीची आठवण ताजी असताना ही मागणी झाली होती, हे लक्षात घेतलं की तिचं महत्त्व कळतं.

हीच युनगांगची पहिली लेणी. आज त्यांना १६ ते २० असे क्रमांक आहेत. पाच लेण्यांतले पाच बुद्ध म्हणजे राजघराण्यातले पाच सम्राट, असं मानलं जातं.

युनगांगमध्ये काय काय आहे?

शहरापासून साधारण १६ किलोमीटरवर, सुमारे एक किलोमीटर लांबीच्या वालुकाश्माच्या कड्यात ही लेणी आहेत. युनेस्कोच्या नोंदीनुसार लहानमोठी मिळून २५२ लेणी आणि ५१ हजार मूर्ती. सर्वात मोठी मूर्ती १७ मीटरची, तर सर्वात लहान फक्त २ सेंटिमीटरची. २००१ मध्ये युनेस्कोने युनगांगला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला.

यातली काही लेणी चुकवू नयेत अशी आहेत.

लेणं क्रमांक २०: फोटोंमध्ये सगळीकडे दिसतो तो बुद्ध इथलाच. उंची सुमारे १३.७ मीटर. लेण्याची पुढची भिंत फार पूर्वी कोसळल्यामुळे ही मूर्ती आता उघड्यावर बसलेली दिसते. रुंद खांदे, चापून बसलेलं चीवर आणि ओठांवर हलकं हसू.

लेणं क्रमांक ५ आणि ६: यांच्या पुढे १६५१ मध्ये बांधलेले लाकडी मजले आहेत. पाचव्यात १७ मीटरचा बुद्ध आहे. सहाव्यात मध्यभागी मोठा कोरीव स्तंभ असून बुद्धाच्या जन्मापासूनचे प्रसंग क्रमाने कोरले आहेत.

लेणं क्रमांक १२: हे 'संगीताचं लेणं' म्हणून ओळखलं जातं. इथे वादकांच्या रांगाच्या रांगा आहेत. त्यांच्या हातातली वाद्यं चिनी, मध्य आशियाई आणि भारतीय परंपरांतली आहेत. या लेण्याची थ्रीडी प्रिंटिंगने बनवलेली हुबेहूब प्रतिकृतीही आहे. तिचे भाग सुटे करून दुसऱ्या शहरात नेता येतात.

अजिंठ्याशी काय संबंध?

डोंगरात लेणी कोरण्याची कल्पना भारतातून मध्य आशियामार्गे चीनमध्ये गेली. कार्ले, भाजे, अजिंठ्याच्या चैत्यगृहात मागच्या बाजूला स्तूप असतो आणि त्याला प्रदक्षिणा घालायला वाट असते. युनगांगच्या काही लेण्यांत स्तूपाच्या जागी जमिनीपासून छतापर्यंत जाणारा चौकोनी स्तंभ दिसतो. रूप बदललं, पण प्रदक्षिणा राहिली.

काळही जवळजवळ तोच आहे. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात इकडे वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात अजिंठ्याच्या लेण्यांचा दुसरा मोठा टप्पा चालू होता, तेव्हाच तिकडे युनगांगमध्ये छिन्नी चालत होती. इ.स. ४५५ मध्ये सिंहलद्वीपातून, म्हणजे आजच्या श्रीलंकेतून, पाच भिक्षू बुद्धमूर्ती घेऊन फिंगचंगला पोहोचल्याची नोंद 'वेई शू'मध्ये आहे.

आणि गेममधला वूकोंग? तो मूळ चिनी कथेत ज्या भिक्षूचा शिष्य आहे, तो भिक्षू म्हणजे आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला ह्युएन त्संग. सातव्या शतकात दुसऱ्या पुलकेशीच्या काळात तो महाराष्ट्रात येऊन गेला होता.

कोळशाने लेण्यांचं काय केलं?

इ.स. ४९४ मध्ये राजधानी लुओयांगला हलली. राजाश्रय गेला आणि मोठी कामं थांबली. पुढे ऊन, वारा, पाणी यांनी दगड झिजत गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अनेक मूर्तींची डोकी कापून विकली गेली. त्यातले काही अवशेष आज परदेशी संग्रहालयांत आहेत.

पण सर्वात विचित्र संकट आलं ते रस्त्यावरून. लेण्यांपासून अवघ्या ३५० मीटरवरून राष्ट्रीय महामार्ग १०९ जात होता. त्यावरून दिवसाला हजारो ट्रक कोळसा घेऊन जायचे. ट्रकमधून उडणारी काळी धूळ थेट बुद्धांच्या मांडीवर, खांद्यांवर, डोळ्यांच्या पापण्यांवर बसायची.

ही धूळ नुसती पुसून का टाकत नाहीत? एक तर वालुकाश्म मऊ असतो. वारंवार पुसलं तर वरचा थर आणि जुने रंगही निघून येतात. दुसरं म्हणजे कोळसा जाळल्यावर सल्फर डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. तो हवेतल्या ओलाव्यात मिसळला की आम्ल तयार होतं. ते दगडाचे कण धरून ठेवणाऱ्या चुनखडीवर परिणाम करतं. त्यातून तयार झालेले क्षार दगडात शिरतात, ओले होतात, सुकतात, फुगतात आणि पापुद्रे सुटायला लागतात.

१९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या गेटी कॉन्झर्वेशन इन्स्टिट्यूटने चिनी तज्ज्ञांबरोबर इथे काम सुरू केलं. लेण्यांच्या आत आणि बाहेर किती धूळ पडते आणि ती कुठून येते, याची मोजमापं झाली. अखेर १९९८ मध्ये महामार्गच लेण्यांपासून दूर वळवण्यात आला.

अजिंठ्याला जाणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. तिथेही खासगी गाड्या फर्दापूरजवळच्या टी-पॉइंटला थांबवाव्या लागतात आणि पुढचा प्रवास बसने होतो. कारण तेच, धूर लेण्यांपर्यंत जाऊ नये.

रस्ता हलला तरी पाण्याचा प्रश्न उरला. डोंगरावर पडणारं पावसाचं पाणी भेगांमधून झिरपतं आणि क्षार सोबत आणतं. ते अडवण्याचं काम अजून संपलेलं नाही.

शहर बदललं, पण कोणाच्या जिवावर?

२००८ मध्ये गंग यानबो दातोंगचे महापौर झाले. कोळसा कायमचा पुरणार नाही, त्यामुळे शहराला पर्यटनावर उभं करायचं, अशी त्यांची योजना होती. जुन्या शहराभोवतीची तटबंदी नव्याने उभी राहिली, मंदिरांची डागडुजी झाली, युनगांगचा परिसर मोकळा करून तिथे मोठं उद्यान केलं गेलं.

यासाठी हजारो कुटुंबांची घरं पाडण्यात आली. काहींना नवीन घरं मिळाली, काहींना महिनोन्‌महिने खेटे घालावे लागले. शहरावर कर्ज झालं. २०१३ मध्ये गंग यांची अचानक बदली झाली आणि अनेक कामं अर्धवट राहिली. ते जाऊ नयेत म्हणून लोक रस्त्यावरही उतरले होते. हे सगळं 'द चायनीज मेयर' या २०१५ च्या माहितीपटात दिसतं.

आजही मतं दुभंगलेली आहेत. काहींच्या मते त्यांनी शहर वाचवलं. काही जण म्हणतात, खरी जुनी वस्ती पाडून नवीन 'जुनं' शहर बांधलं. त्यामुळे तिथे फिरताना एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. तटबंदीचा बराचसा भाग या शतकातला आहे, पण लेणी आणि पुढची मंदिरं खरोखरच जुनी आहेत.

आणखी काय पाहायचं?

ह्वायान मंदिर: शहराच्या मध्यभागी. इथला ग्रंथालयाचा दिवाणखाना १०३८ सालचा, लियाओ राजघराण्याच्या काळातला आहे. आत मातीच्या मूर्ती आहेत. त्यात एक बोधिसत्त्व दात दिसतील अशी हसते आहे. बौद्ध कलेत असं क्वचितच दिसतं. मुख्य दालनांचं तोंड दक्षिणेऐवजी पूर्वेला आहे, कारण लियाओ राज्यकर्ते सूर्याला मानणारे होते.

लटकतं मंदिर: शहरापासून साधारण ६० ते ६५ किलोमीटरवर हेंगशान पर्वतात. परंपरेनुसार ४९१ सालचं. सरळ कड्यात खोबणी करून त्यात बसवलेल्या लाकडी तुळयांवर ते उभं आहे. एका दालनात बुद्ध, लाओत्से आणि कन्फ्यूशियस शेजारी शेजारी बसलेले दिसतात.

यिंगश्येनचा लाकडी मनोरा: १०५६ मध्ये बांधलेला, उंची ६७.३१ मीटर. भूकंप आणि लढाया सोसूनही उभा आहे. मात्र तो आता एका बाजूला कलला आहे, त्यामुळे पर्यटकांना वरच्या मजल्यांवर सोडत नाहीत.

चिनह्वागोंग खाण: युनगांगच्या अगदी समोर, नदीपलीकडे. इथे पर्यटकांना जमिनीखालची खाण दाखवतात. सकाळी लेणी आणि दुपारी खाण पाहिली की दातोंगची दोन्ही रूपं एका दिवसात कळतात.

जायचं कसं?

२०१९ च्या अखेरीस हायस्पीड रेल्वे सुरू झाल्यापासून बीजिंगहून दातोंग साधारण दोन तासांवर आलं आहे. भारत आणि चीनमधली थेट विमानसेवा २०२० पासून बंद होती, ती ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. भारतीय पर्यटकांनी व्हिसा आधीच काढून घ्यावा.

काही गोष्टी लक्षात ठेवा.

• मे ते ऑक्टोबर हा काळ चांगला. हिवाळ्यात तापमान शून्याच्या बरंच खाली जातं. ऑक्टोबरचा पहिला आठवडा मात्र टाळा, तेव्हा चीनमध्ये राष्ट्रीय सुट्टी असते.
• युनगांगसाठी किमान अर्धा दिवस ठेवा.
• लटकत्या मंदिरावर चढण्याचं तिकीट वेगळं असतं आणि संख्या मर्यादित असते. ते आधी काढा.
• तिकिटांसाठी पासपोर्ट लागतो. पैसे बहुतेक ठिकाणी मोबाइलवरूनच दिले जातात, त्यामुळे अलीपे किंवा वीचॅटला कार्ड जोडून ठेवा.
• काही लेण्यांत फोटोला मनाई आहे, काही दुरुस्तीसाठी बंद असू शकतात. मूर्तींना हात लावू नका. ट्रकच्या धुळीपासून वाचलेला दगड हाताच्या घामानेही खराब होतो.