आराखडा आणि भट्टी

भिलाईलगतच्या कुरुदकरांना भट्टी म्हणजे काय, हे सांगावयास नको. १९५९ साली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली. भट्टी आपली, तंत्र रशियाचे. चिपच्या धंद्यात पुढे नेमके याच्या उलट घडले. १९८७ साली मॉरिस चँग यांनी तैवानात केवळ इतरांच्या चिप घडवून देणारा कारखाना काढला आणि निव्वळ आराखडे करणाऱ्या, बिनकारखान्याच्या कंपन्यांना जगभर वाव मिळाला. बंगळुरूची ‘सांख्य लॅब्ज’ त्यांतलीच होती. आराखडा आपला, भट्टी परक्याची! मुंबईच्या आयआयटीत माधव देसाई व सहकाऱ्यांनी आखलेला, २०१९ साली जाहीर झालेला ‘अजित’ प्रोसेसर मात्र मोहालीच्या सरकारी कारखान्यात घडला. ते १८० नॅनोमीटरचे तंत्र जुने खरे. परंतु लेखणी आणि भट्टी एका घरी नांदल्यावाचून स्वावलंबन पुरे होत नाही, हे भिलाईने केव्हाच शिकविले आहे.