हौद, मळी आणि चुन्याची निवळी

आमच्या घरी समुद्र आहे म्हटलं की पाहुणे आधी खिडकीकडे बघतात. खिडकीबाहेर शेजाऱ्यांचे यंत्रमाग खडखडत असतात. समुद्र दिवाणखान्यात आहे, शहाबादी फरशीवर, लोखंडी चौकटीवर ठेवलेला. सहा फूट लांब, अडीच फूट रुंद, अडीच फूट उंच. भरल्यावर जवळजवळ १००० लिटर पाणी, आणि लिटरला ३५ ग्रॅमच्या हिशेबाने ३५ किलो क्षार. सोलापूरहून रत्नागिरीचा किनारा ३०० किलोमीटरच्या पुढे. आई होती तोवर सारखी म्हणायची, "काय करालास रे? चार दिवसांआड येणाऱ्या पाण्यात मीठ कालवालास?"

खरं तर हे खूळ वडिलांमुळे लागलं. ते गिरणीच्या रंगखात्यात होते. मी शाळकरी असताना त्यांनी मला मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय दाखवायला नेलं. १९५१ मध्ये राजेंद्र प्रसादांच्या हस्ते उघडलेलं, मरीन ड्राइव्हवरचं. मी काचेला नाक लावून मासे बघत होतो. वडील मात्र तिथल्या कर्मचाऱ्याला गाठून विचारत होते, "इतके मासे इथंच खातात, इथंच हगतात, मग पाणी घाण कसं होत नाही?" रंगखात्यातल्या माणसाला पाण्याशिवाय दुसरं काही दिसत नाही. पुढे मी ३१ वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, पण विषयातला सगळ्यात चांगला प्रश्न मला त्या दिवशीच ऐकायला मिळाला होता.

या प्रश्नाचं एक जुनं उत्तर एका मोलकरणीने हातांनी दिलं. १८४६ मध्ये ॲना थिन या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरचे प्रवाळ लंडनला नेले. समुद्राचं ताजं पाणी रोज कुठून आणणार? म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीशी उभी राहून अर्धा-पाऊण तास पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहायची, आपला चहावाला उंचावरून धार धरतो तशी. पाण्यात हवा मिसळली आणि प्रवाळ जगले. नाव बाईंचं झालं, हात मोलकरणीचे दुखले.

१८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी पहिलं मत्स्यालय उघडलं. त्यामागे फिलिप हेन्री गॉस होता. समुद्रापासून लांब राहणाऱ्यांसाठी त्याने पुढच्याच वर्षी कृत्रिम समुद्रपाण्याची कृती छापली: साधं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड. क्षारांच्या धड्याला मी हीच कृती फळ्यावर लिहायचो. मागच्या बाकावरची पोरंही वही उघडायची.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो विल्यम अल्फर्ड लॉइड. १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मत्स्यालय उभारलं. लोकांना दिसणाऱ्या टाक्यांपेक्षा अनेक पट मोठा हौद त्याने खाली, अंधारात बांधला आणि वाफेच्या पंपांनी पाणी अखंड वर-खाली फिरवलं. अंधारात शेवाळ धरत नाही, आणि साठा मोठा असला की थोडी घाण पचून जाते. हे वाचून मला हसू आलं. त्याच सुमारास, १८७१ मध्ये, आमचा एकरुखचा तलाव पुरा झाला होता. आम्ही त्याला हिप्परग्याचा तलाव म्हणतो. आणि सोलापुरात घर बांधणारा माणूस देव्हाऱ्याआधी हौदाची जागा ठरवतो. जमिनीखाली, झाकलेला, अंधारा. लॉइडला जे खटपटीने उमगलं ते इथल्या गवंड्याला पाणीटंचाईने शिकवलं. आज मत्स्यपालनातले लोक काचेच्या टाकीखालच्या दुसऱ्या टाकीला 'संप' म्हणतात. मी हौदच म्हणतो. माझा २५० लिटरचा आहे.

पण घाण पचते म्हणजे नेमकं काय होतं, हे लॉइडच्या काळात कुणाला नीट सांगता येत नव्हतं. १८९०च्या सुमारास सर्गेई विनोग्राड्स्कीने हे काम करणारे जिवाणू वेगळे काढून दाखवले. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया होतो, तो विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य. उसाला आपण टाकतो त्या खतातला नत्रही जमिनीत असाच पायऱ्या उतरतो. म्हणजे गाळणी घाण अडवते हा समज अर्धाच खरा. गाळणी हे जिवाणूंचं घर असतं, आणि त्यांना राहायला पृष्ठभाग व श्वासाला हवा लागते.

हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण पटलं ते एका मे महिन्यात. त्या आधी, नव्वदच्या दशकात, दुकानात मिळायची ती वाळूखालची प्लास्टिकची जाळी मी वापरून पाहिली होती. वाळूत घाण साचून ती दोन वर्षांत तुंबली. मग बंद डब्याची गाळणी घेतली, दिसायला सुबक, आवाज नाही. भारनियमनाचे दिवस होते. बाहेर ४२ अंश, वीज सहा तास गेली. बंद डब्यातला प्राणवायू संपला, जिवाणू गुदमरून मेले आणि सडले. वीज आली तेव्हा पंपाने ते सगळं टाकीत ओकलं. रात्री नऊपर्यंत सगळे मासे उताणे. उष्ण पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो, हे मी मुलांना किती वेळा सांगितलं असेल! तेव्हापासून माझं मत ठाम आहे: जिथे वीज जाते तिथे बंद डबा ठेवू नये. उघडा हौद, वरून पडणारं पाणी, आणि हवेच्या पंपाला बॅटरी.

समुद्री टाकीच्या इतिहासात पुढची मोठी उडी आशियातून आली. १९६१ मध्ये जकार्त्याच्या ली चिन एंगने लिहिलं की समुद्रातले जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाकी चालते. सच्छिद्र दगडाच्या आत, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथले वेगळे जिवाणू नायट्रेटचाही वायू करून सोडून देतात. जर्मन छांदिष्टांनी पुढे या दगडांना दोन गोष्टींची जोड दिली. त्या पद्धतीला बर्लिन पद्धत म्हणतात. त्या दोन गोष्टी वाचून मात्र मला पंढरपूर रस्त्यावरचं मामाचं गुऱ्हाळ आठवलं.

पहिली गोष्ट स्किमर. उंच नळकांड्यात बारीक बुडबुडे सोडतात, पाण्यातला चिकट सेंद्रिय मळ त्यांना धरून वर चढतो आणि फेस होऊन पेल्यात सांडतो. सडायच्या आधीच घाण बाहेर. गुऱ्हाळावर काहिलीत रस तापला की भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी घालतात, मळी वर येते आणि गुळव्या ती झाऱ्याने काढून टाकतो. इथे उष्णतेऐवजी हवा, एवढाच फरक. माझ्या पेल्यात रोज कपभर तपकिरी द्रव जमतो, वास असा की बायकोने तो स्वयंपाकघराच्या मोरीत ओतायला कायमची बंदी घातली आहे. दुसरी गोष्ट चुन्याचं पाणी. पेटर विल्केन्सने ते रूढ केलं, जर्मन नाव काल्कवासर. म्हणजे चुन्याची निवळी! आजी बाळांना चमचाभर पाजायची तीच. रात्री थेंब थेंब सोडली की पाण्याचा सामू घसरत नाही आणि कॅल्शियम भरून निघतं. मात्र निवळीच घ्यायची, तळाचा साका नाही, आणि पानाच्या डबीतला चुना तर मुळीच नाही.

राहिले जिवंत दगड. इथे आपली वाट जर्मनांपासून फुटते. २००१ मध्ये दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. वाघाला जे संरक्षण तेच त्यांना. तो दगड म्हणजे प्रवाळाचाच सांगाडा, तो समुद्रातून काढणं गुन्हा. परदेशी पुस्तकांतलं निम्मं शहाणपण इथे लागू होत नाही, आणि तसंच असायला हवं. मी दगड अंगणात ओतले. सिमेंट, शिंपल्यांचा चुरा आणि जाडं मीठ कालवून वाळूच्या साच्यात. मीठ विरघळून गेलं की छिद्रं उरतात. सिमेंटचा क्षार निघायला दोन महिने गोड्या पाण्यात भिजवले, ते पाणी बदलत राहिलो. त्यानंतर टाकीत ठेवून एक कोळंबी सडू दिली आणि सहा आठवडे फक्त अमोनिया व नायट्राइट मोजले. दोन्ही शून्यावर आले तेव्हा पहिली क्लाऊनफिशची जोडी सोडली, तीही समुद्रातून पकडलेली नव्हे, पैदास केलेली.

आठवड्याला १०० लिटर पाणी बदलतो. नळाचं पाणी जड, म्हणून ते आरओतून काढतो. आरओ जेवढं देतो त्याहून जास्त फेकतो, त्या फेकलेल्या पाण्यावर आमचं अंगण धुतलं जातं. टाकीतून काढलेलं खारं पाणी एकदा चुकून जास्वंदीला घातलं. जास्वंद गेली.

सोलापुरात किंवा आणखी कुठे कुणी तुम्हाला 'समुद्रातला जिवंत दगड' विकायला आला, तर घेऊ नका. ओतायला शिकायचं असेल तर रविवारी सकाळी या. सिमेंट मी देतो, शिंपले तुम्ही आणा.